परतीचे पाचशे किलोमीटर

एकदा एक वैद्य होता आणि त्याने स्पोर्ट्स कार विकत घेतली. दृष्टांतात घोडा चालतो, बैलगाडी चालते, फार तर होडी चालते, हे मला ठाऊक आहे. पण हा वैद्य आपल्याच काळातला, साताऱ्यात दवाखाना चालवणारा, वय वर्षे चव्वेचाळीस. त्याची हौस मी घोड्यावर कशी बसवू? विद्यार्थी असताना तो निदानाच्या वहीच्या मागच्या पानांवर लांब नाकाच्या, जमिनीला टेकलेल्या गाड्या काढत असे. पुढे लग्न झाले, दवाखाना झाला, आईचे आजारपण झाले, आणि वहीतली गाडी वहीतच राहिली. यंदा मात्र त्याने ती घेतली. कोणालाही न विचारता केलेली ती त्याच्या आयुष्यातली पहिलीच गोष्ट होती.

नवी परवडणारी नव्हती, म्हणून वापरलेली घेतली. पण तीही कंपनीने स्वतः तपासून प्रमाणपत्र दिलेली. त्यात एकशे साठ मुद्दे होते आणि प्रत्येकासमोर हिरवी खूण. शिवाय एक सवलत होती. पंधरा दिवसांच्या आत आणि पाचशे किलोमीटरांच्या आत गाडी मनास आली नाही, तर एक फोन करायचा. माणसे येऊन ती असेल तिथून घेऊन जातील आणि व्यवहार रद्द. वैद्याने गाडीला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि प्रमाणपत्राला प्लास्टिकचे आवरण करून घेतले. त्या दिवशी पुण्याहून घरी येताना तो फार सुखी होता.

तिसऱ्या दिवशी गाडीतला इशाऱ्याचा तांबडा दिवा लागला. वर्कशॉपमध्ये कळले की इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची रबरी नळी तडकली आहे. ती बदलली. सहाव्या दिवशी डावी काच खाली गेली ती वर येईना. नवव्या दिवशी सकाळी गाडी सुरूच झाली नाही. बॅटरी मेली होती. दुरुस्ती सगळी कंपनीच्या हमीतली, तेव्हा खिशाला झळ नव्हती. पण वैद्य प्रमाणपत्र उघडून बसला तर नळीसमोर हिरवी खूण, काचेसमोर हिरवी खूण, बॅटरीसमोरही हिरवी खूण! आता खरे कोण बोलत होते, कागद की गाडी?

सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई नसते. मेहुणा म्हणाला, "भावोजी, नकोशी झालेलीच गाडी लोक विकतात. घाला परत त्यांच्या गळ्यात." वर्कशॉपचे घोरपडे म्हणाले, "डॉक्टर, हुतंय असं. चालवत राव्हा." कंपनीची मुलगी फोनवर गोड आवाजात म्हणाली, "सर, हे अगदी नॉर्मल आहे." शेजारच्या काकूंनी मीठमोहऱ्या ओवाळायला सांगितल्या. गंमत अशी की प्रत्येकाचे म्हणणे ऐकताना वैद्याला ते पटत असे, आणि दुसऱ्याचे ऐकले की तेही पटत असे.

शिवाय तो तांबडा दिवा लागल्यापासूनच त्याने एक शहाणपणा केला होता. गाडी परत द्यावी लागली तर पाचशेचा आकडा ओलांडलेला नसावा, म्हणून ती चालवणेच बंद केले. घरातून वर्कशॉप, वर्कशॉपमधून घर, आणि वर आच्छादन. रोज सकाळी आच्छादनाचे टोक उचलून तो गाडीकडे पाही आणि पुन्हा टाकी. गाडीचा संशय हळूहळू स्वतःवर आला. आयुष्यात एकदा स्वतःच्या मनाने काही केले, आणि त्यातच आपण फसलो का, हा प्रश्न त्याला दवाखान्यातही सोडीना. तो एकाच रोग्याची नाडी दोनदा पाहू लागला. औषध लिहून खोडू लागला. एका शिक्षिकेने घाबरून विचारले, "डॉक्टर, माझं काही गंभीर आहे का हो?" तिला साधे पित्त झाले होते.

शेवटी पत्नी, शर्वाणी, म्हणाली, "काही सुचेनासं झालं की तुम्ही नानांकडे जाता ना? मग या वेळी गाडी घेऊनच जा."

नाना म्हणजे त्याचे गुरू. वय एक्याऐंशी. वाईच्या पुढे एका गावात त्यांचे घर, घरापुढे अंगण आणि अंगणाच्या कडेने औषधी झाडे. रोगी पाहण्याची त्यांची रीत ठरलेली होती. तो आला की त्याच्या हातातले सगळे कागद, अहवाल, चिठ्ठ्या नाना घेत आणि न पाहता पालथ्या घालून त्यावर औषधाचा खल ठेवत. मग रोग्याला अंगणात चालवत, बोलते करत, नाडी पाहत. कागद सर्वांत शेवटी उघडत. आपला वैद्य तिथे सहा वर्षे शिकला होता आणि त्याने हे शेकडो वेळा पाहिले होते.

अकराव्या दिवशी संध्याकाळी तो पोचला. घरापासून अंतर पंचेचाळीस किलोमीटर. गाडी घेताना शून्यावर आणलेला किलोमीटरचा आकडा आता दोनशे वीस. त्याने सगळी हकिगत सांगितली आणि प्रमाणपत्र पुढे केले. नानांनी ते पालथे घातले आणि वर खल ठेवला. गाडीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिले नाही.

"उद्या दळण न्यायचंय," ते म्हणाले. "तुझ्या गाडीतून जाऊ."

शिष्याला वाटले, म्हाताऱ्यांची चेष्टा आहे. पण दुसऱ्या दिवशी नाना खरोखरच ज्वारीचा डबा मांडीवर घेऊन त्या बुटक्या गाडीत कसेबसे शिरले, आणि गिरणीपुढे उतरताना शिष्याला त्यांना दोन्ही हातांनी ओढून काढावे लागले. जाऊन येऊन दहा किलोमीटर. शिष्याने आकडा पाहिला. दोनशे तीस.

तेराव्या दिवशी नाना म्हणाले, "महाबळेश्वरच्या पलीकडं एकजण हिरडा वाळवून ठेवतो. पोतं आणू."

"नाना, या गाडीत पोतं?"

"मग? हिरड्याला काय कळतंय, कशात बसलाय ते?"

पसरणीचा घाट चढताना शिष्याचे लक्ष रस्त्यावर कमी आणि आकड्यावर जास्त होते. दोनशे चाळीस. दोनशे पन्नास. परत येताना उतारावर ब्रेक दाबला की चाकातून खरखर येऊ लागली. शिष्याने गाडी कडेला घेतली आणि कपाळावर हात मारला.

"बघितलंत? हे आणखी एक. आजवर हे नव्हतं."

"होतं की नव्हतं, तुला काय माहीत? तू अशा उतारावर कधी आणली होतीस तिला?" नाना खिशातले शेंगदाणे खात म्हणाले. "चल. आणि आता बोलू नकोस, नुसतं ऐक."

शिष्य मुकाट्याने ऐकत राहिला. पहिल्या वळणावर खरखर मोठी होती, चौथ्यावर कमी झाली, आणि घाट उतरून वाई दिसू लागली तेव्हा ती थांबली होती. त्याला हायसे वाटायला हवे होते. पण आपोआप आलेले आणि आपोआप गेलेले दुखणे पाहून तो अधिकच गोंधळला. घरी पोचले तेव्हा आकडा तीनशे साठ झाला होता.

चौदाव्या दिवशी नानांनी दूरच्या एका रोग्याकडे जायचे काढले. जाणेयेणे शंभर किलोमीटर. आता मात्र शिष्याचा तोल सुटला. "नाना, रागावू नका, पण तुम्ही हे मुद्दाम करताय का? पाचशे झाले की मला गाडी परत देता येणार नाही. मी तुमच्याकडे उत्तर मागायला आलो आणि तुम्ही माझे किलोमीटर उडवताय!"

"मुद्दामच करतोय," नाना म्हणाले. "चावी घे."

गुरूचा शब्द मोडायची सवय नव्हती म्हणून तो निघाला, पण मनातून चरफडत होता. माझेही मत विचाराल तर त्याचा राग अगदीच गैरवाजवी नव्हता. अर्ध्या वाटेत ती डावी काच पुन्हा अडकली. या वेळी त्याने गाडी थांबवली नाही. तळहाताने काच जरा बाहेरच्या बाजूला दाबून धरली आणि बटण दाबले. काच कुरकुरत वर आली. असे करायचे हे त्याला कोणी सांगितले नव्हते. रबर कडक झाले आहे, ते काचेला धरून ठेवते आहे, हे त्याच्या हाताला कळले होते.

संध्याकाळी अंगणात परतले तेव्हा आकडा होता चारशे साठ. परत करण्याच्या हक्काचे चाळीस किलोमीटर उरले होते आणि घर पंचेचाळीस किलोमीटरांवर होते. शिष्याने हा हिशेब मनात मांडला आणि तो पायरीवर बसला. आता एकतर इथूनच फोन करून गाडी देऊन टाकायची आणि एसटीने घरी जायचे, नाहीतर चालवत घरी न्यायची आणि ती कायमची आपली.

नाना समोर येऊन बसले. "हं. आता रोगी सांग."

"कोणता रोगी?"

"जो तीन दिवस तुझ्याबरोबर हिंडला, तो."

शिष्याने गाडीकडे पाहिले. मग विद्यार्थिदशेत सांगत असे तसा, आधी तुटक, मग सलग, तो सांगू लागला. सकाळी अंग आखडलेले असते, पहिली पाच मिनिटे गिअर नीट पडत नाही. ऊन झाले की मोकळी होते. चढावर दम लागत नाही, इंजिनाचा आवाज भरीव आहे, वळणावर पाय सोडत नाही. ब्रेकची खरखर वापराने गेली. डाव्या पुढच्या चाकाशी एक बारीक टकटक आहे, ती अजून कळलेली नाही. रबर जिथे जिथे आहे, तिथे ते वाळलेले आहे. बोलता बोलता तो थांबला.

"नाना, हे तर फार दिवस अंथरुणावर पडून असलेल्याचं लक्षण आहे."

नानांनी खल उचलला आणि प्रमाणपत्र त्याच्या हातात दिले. "आता वाच."

दुसऱ्या पानाच्या तळाशी आधीच्या मालकाची नोंद होती. गेल्या दोन वर्षांत गाडी चालली होती अवघी नऊशे किलोमीटर. ही ओळ शिष्याने पूर्वी वाचली नव्हती असे नाही. 'कमी चाललेली आहे' म्हणून त्याने ती चारचौघांत अभिमानाने सांगितली होती. आपण सगळेच तशी सांगतो. आज तीच ओळ वाचून त्याचा चेहरा उतरला.

नाना म्हणाले, "कागद खोटा नाही, बाळ. ज्या दिवशी तपासली त्या दिवशी ती उभी होती, आणि उभ्या उभ्या सगळं ठीकच दिसतं. दोन वर्षं अंथरुणावर पडलेल्याला आपण चालवायला लागतो, तेव्हा पहिला पंधरवडा रोज नवं काहीतरी दुखतं. घरचे म्हणतात, वैद्यानं बिघडवलं. तू तेव्हा त्यांना काय सांगतोस?"

"दुखणं आतच होतं, चालल्यावर वर आलं, असं सांगतो."

"आणि चालणं थांबवू नका, असंही सांगतोस. स्वतःच्या दारात मात्र तू तिला पांघरूण घालून पुन्हा निजवलंस. का? तर परत देता यावी म्हणून. अरे, परत द्यायला माझी ना नाही. काही रोगी असाध्य असतात, त्यांना हात जोडावेत. पण तू तिला एकदाही हात न लावता ठरवायला बसला होतास. मग गोंधळणार नाहीस तर काय? तू फसलास की नाही हे मला सांगता येणार नव्हतं. मी फक्त तुला अंगणात चालवलं."

शिष्याला स्वतःची लाज वाटली, आणि लाजेबरोबरच अनेक दिवसांनी थोडे हलकेही वाटले. सहा वर्षे त्याने तो खल कागदांवर ठेवलेला पाहिला होता, आणि तरीही स्वतःच्या बाबतीत पहिल्या दिवसापासून कागदच पुढे धरला होता.

"मग ठेवू ना, नाना?"

"ते मला विचारू नकोस," नाना उठत म्हणाले. "उद्या सकाळी फोन कर, नाहीतर किल्ली फिरव. मला दोन्ही चालेल. जाताना हिरड्याची पुडी तेवढी ने."

पंधराव्या दिवशी सकाळी शिष्याने नानांना नमस्कार केला. फोन हातात होता. त्याने तो खिशात ठेवला आणि गाडी सुरू केली. पहिली पाच मिनिटे गिअर नीट पडत नव्हता, तेव्हा तो सबुरीने चालवत राहिला. वाई मागे पडली. ऊन चढले तशी गाडी मोकळी झाली. डाव्या पुढच्या चाकाची टकटक सरळ रस्त्यावर येत नाही, उजवीकडे वळतानाच येते, हे त्याच्या ध्यानात आले. मग ती चढावर येते का, खड्ड्यात येते का, हे तो ऐकत राहिला. साताऱ्यात घरापुढे गाडी उभी करून त्याने समोरच्या आकड्याकडे पाहिले. पाचशे पाच. पाचशे नेमके कुठे झाले, लिंबखिंडीच्या आधी की नंतर, हे त्याला आठवेना.

सोमवारी तो पुन्हा वर्कशॉपमध्ये गेला. घोरपड्यांनी कपाळाला आठ्या घालून विचारले, "आता काय झालं, डॉक्टर?" तो म्हणाला, "डावं पुढचं चाक. फक्त उजवीकडं वळताना, आणि गार असताना जास्त." घोरपड्यांनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिले, मग गाडी वर घेतली.

आपल्याही घरी एखादी वस्तू असेल, एखादे काम असेल, कदाचित एखादे माणूसही असेल, जे परत करता यावे म्हणून आपण अजून चाळीस किलोमीटर राखून बसलो आहोत.