साहेबांनी बूट काढले

टेकडीवरच्या गोल्फ क्लबाच्या हिरवळीसाठी पंप दिवसभर चाले आणि खालच्या वाडीची विहीर फाल्गुनातच तळ गाठे. म्हणून माळीकाम करणाऱ्या हौसाबाईंनी सकाळच्या फेरीत अध्यक्ष दिघे साहेबांपुढे विषय काढला.

"साहेब, चेंडू खळग्यात ढकलता ना, तेवढ्या जागी तरी कृत्रिम गवत घाला. त्याला पाणी नको, औषध नको."

साहेब चिडले. "प्लास्टिक? अहो बाई, खरं गवत म्हणजे आरोग्य. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

"असेल," हौसाबाई म्हणाल्या. "मग दवात अनवाणी चाला की जरा. डोळ्यांना चांगलं असतं म्हणतात."

चार सभासद बघत होते. साहेबांनी ऐटीत बूट काढले, मोजे काढले आणि कडेलाच थबकले. समोर त्यांच्याच सहीची पाटी होती: 'कीटकनाशक फवारले आहे. अनवाणी चालू नये.'

"आठवड्यातून दोनदा मीच मारते ते," हौसाबाई हळूच म्हणाल्या. "पावसाळ्यात तेच आमच्या विहिरीत उतरतं."

साहेब एका पायावर उभं राहून मोजा चढवू लागले. "कधी आणायचं ते गवत?"

त्या वैशाखात विहिरीत पाणी टिकलं, आणि हौसाबाईंच्या हातांचा औषधाचा वास एकदाचा गेला.