अकरावी बेरीज

“...म्हणजे तेरवणकरबाई, तुम्हीच मुलांचे मार्क फिरवलेत म्हणतात की काय? आणि शाळेनं तुम्हाला...”

भिंतीपलीकडून एवढंच ऐकू आलं आणि नेमकी माझ्या कुकरची शिट्टी झाली.

पुढचं राहिलं. मग काय, टीव्हीचा रिमोट उचलला आणि शेजारच्या हमदुलेचाचांच्या दुकानात गेले. चाचा पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर. रिमोटला तसं काही झालं नव्हतं.

आत शाळेचा कॉम्प्युटर उघडून ठेवलेला. बाकावर शाळेच्या क्लार्क तेरवणकरबाई, मांडीवर गुणांचं रजिस्टर. अकरा मुलांच्या बेरजा चुकल्या होत्या. उद्या समितीपुढे बाईंची नोकरी राहते की जाते, ते ठरणार होतं.

“आकडे मी टाकले. बेरीज यानं केली,” बाई म्हणाल्या.

“मशीन ठणठणीत आहे,” चाचांचा शिष्य प्रद्योत म्हणाला. शहरातून डिग्री घेऊन आलेला. “प्रोसेसरची टेस्ट तीनदा लावली. तिन्ही वेळा पास.”

दुकानात तपासून झालेल्या मशीनला हिरवी टिकली लावतात. ती त्यानं लावूनही टाकली होती.

“तपासलं कुणी?” चाचांनी विचारलं.

“मी.”

“तू बटण दाबलंस. टेस्टमधली गणितं कुणी सोडवली?”

“...प्रोसेसरनं.”

“आणि पास झाला, हे कुणी सांगितलं?”

“...प्रोसेसरनंच.”

मी बाईंकडे पाहिलं, बाईंनी माझ्याकडे. दोघींनाही काही कळेना.

“प्रद्योत, तुझं कधी चुकतं का रे?”

“कामात? नाही, चाचा.”

चाचांनी पाकिटातली एक टिकली सोडवली आणि त्याच्या कपाळावर चिकटवली.

“पास.”

मला हसू आवरेना. प्रद्योतचे कान लाल झाले. टिकली न काढताच त्यानं शाळेचा प्रोसेसर उपसला आणि दुकानातल्या मशीनमध्ये बसवला. दुकानातला शाळेच्या मशीनमध्ये. गुणांचा तोच तक्ता दोन्हीकडे लावला.

अर्धा तास दोन्ही प्रोसेसर सारखंच उत्तर देत होते. मग शाळेचा प्रोसेसर तापला आणि त्यानं चारशे बाराचे तीनशे शहाण्णव केले. जरा वेळानं पुन्हा चारशे बारा...

“डोकं याचंच गेलंय!” प्रद्योत ओरडला. बाईंनी डोळ्यांना पदर लावला.

“अकरावी बघ,” चाचा म्हणाले.

चांगल्या प्रोसेसरवर दहा बेरजा बरोबर आल्या होत्या; अकरावी तिथंही चुकतच होती. दहानं कमी.

बाईंनी रजिस्टर उघडलं. एका ओळीवर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं.

“एकोणऐंशी आहेत... मी एकोणसत्तर टाकले.”



“तीही प्रोसेसरच्या नावावर घालू,” प्रद्योत हळूच म्हणाला. “दहा त्याच्या, तिथं अकरा. कुणाला कळतंय?”

खरं सांगते, मला पटलं होतं.

चाचा नुसते बाईंकडे बघत राहिले.

“नको,” बाई म्हणाल्या. मग आवाज खाली गेला. “पण एक कबूल केली, तर बाकीच्या दहाही माझ्याच म्हणतील ना हो, चाचा?”

बाई सुटल्या की अडकल्या? मला काहीच उमगेना.

चाचांनी कोरा कागद प्रद्योतपुढे सरकवला.

“समितीला लिही... दहा चुका तू शोधल्यास. अकरावी बाईंनी.”