नऊ पेट्यांचं एक गाठोडं

फार पूर्वी, डोंगर आजच्याइतके म्हातारे झाले नव्हते आणि करकोचे माणसांशी दोन शब्द बोलून मगच उडत, तेव्हाची ही गोष्ट. डोंगरांच्या ओंजळीत एक तळं होतं आणि तळ्याकाठी चाळीस घरांचं एक गाव. सकाळी तिथं एवढं धुकं पडायचं, की बायका पाण्याला निघाल्या की आधी पाणी ऐकू यायचं आणि मागाहून दिसायचं. गावाचं नाव विचारलं तर लोक नुसतं ‘आमचं गाव’ म्हणत. दुसरं गाव त्यांनी पाहिलंच नव्हतं, मग नाव हवं कशाला?

गावाची एक रीत होती. मूल जन्मलं की बाराव्या दिवशी त्याच्यासाठी पाळणा रचायचा. नऊ कडव्यांचं ते गाणं सात ताडपत्रांवर कोरायचं, अक्षरांत काजळी भरायची आणि पानं गाणेघरात ठेवायची. ते गाणं माणसासाठी दोनदाच म्हणत. एकदा बारशाला, आणि एकदा डोळे मिटायची वेळ आली की त्याच्या कानाशी. मधल्या सगळ्या वर्षांत आपलं गाणं आपण ऐकायचं नाही, असा नियम होता. माणूस गेला तरी त्याची पानं पेटीतच राहत. अशा पेट्या भरत भरत नऊ झाल्या होत्या आणि त्यांत बाराशे गाणी होती.

गाणेघर सांभाळणाऱ्या बाईला सगळे राखणबाई म्हणत. ती रोज सकाळी पेट्या पुसायची. पाचवी पेटी पुसताना तिचा हात जरा रेंगाळायचा, कारण तिच्यात तिच्या मुलीचं गाणं होतं. मुलगी एकोणीस दिवसांची होऊन गेली. इतकी अचानक गेली, की पानं आणायलाही कुणाला वेळ मिळाला नाही, आणि तिचं गाणं दुसऱ्यांदा म्हणायचं राहूनच गेलं. पुढे कितीदा राखणबाईनं ती सात पानं हातात घेतली, पण एकटीच्या गळ्यातून आवाज फुटेना.

एका वर्षी खालच्या खिंडीत दरड कोसळली आणि नदीची वाट बुजली. कुणाला आवाजही आला नाही. फक्त तळं रोज बोटभर वर सरकू लागलं. आधी धुण्याचे दगड गेले, मग पारावरची सावली पाण्यात पडू लागली, मग पारच गेला. सगळं इतकं सावकाश चाललं होतं, की मुलांना ती गंमतच वाटली.

गावाच्या पाटलांनी सगळ्यांना बोलावलं. बाहेर पडायला एकच वाट होती, कड्याच्या अंगानं जाणारी बकऱ्यांची. एक हात खडकाला, एक हात लेकराला. पाठीवर मावेल तेवढंच सामान.

पाटील म्हणाले, “बियाणं, पांघरुणं, म्हातारीकोतारी. सगळ्या पाठी त्यातच संपल्या. गाण्यांसाठी एकच पाठ उरते, राखणबाई, ती तुमची.”

“पेटी उचलायला चार माणसं लागतात, पाटील. अशा नऊ आहेत.”

“ते मला कळतंय हो. म्हणून सांगतो, जिवंत माणसांची गाणी घ्या. तीही मावली नाहीत तर प्रत्येकाची पहिली दोन पानं घ्या. जे गेले त्यांना आता गाण्याचं काय करायचंय?”

पाटील दुष्ट नव्हते. गाव वाचवायची घाई असलेला माणूस जे बोलेल तेच ते बोलले. राखणबाई तिथून उठून गाणेघरात आली आणि पाचव्या पेटीला टेकून बसली.

दुसऱ्या दिवशी पहाट सरता सरता ती गाणेघराच्या पायऱ्यांवर बसली होती. सत्तावीस पायऱ्यांपैकी दोन पाण्याखाली गेल्या होत्या. धुक्यात एक करकोचा एका पायावर उभा होता. दरवर्षी थंडी घेऊन यायचा तोच.

“यंदा तळं तुझ्या पायऱ्यांपर्यंत आलंय,” करकोचा म्हणाला.

“आणि माझ्या डोक्यापर्यंत काळजी,” ती म्हणाली. “तू एवढ्या लांबून येतोस. एवढी वाट पोटात कशी मावते रे तुझ्या?”

“मोठी असती तर नसती मावली. पिलांना मी एकदाच सांगतो, नदी दिसली की डावा पंख खाली घ्यायचा. मग नुसती नद्यांची नावं सांगत जातो. प्रत्येक नदीपाशी पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगत बसलो, तर पिलू ऐकता ऐकताच म्हातारं व्हायचं.”

एवढं बोलून तो धुक्यात निघून गेला. त्याला वाटलं, आपण आपली घरची गोष्ट सांगितली. राखणबाईनं मात्र ते मनात दोनदा घोळवलं.

मग ती आत गेली. तिनं पहिल्या पेटीतलं एक गाणं काढलं, सातवीतलं एक काढलं, दोन्ही शेजारी ठेवली आणि वाचू लागली. दोन्हीकडे प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच होतं, ‘नीज पाखरा, तळं निजलं’. दोन्हीकडे पहिलं कडवं सांगत होतं की त्या दिवशी कुठलं झाड फुललं, दुसरं सांगत होतं की वारा कुठून आला, तिसरं की पहिल्यांदा कुणी मांडीवर घेतलं. शब्द तेच, चाल तीच. एकाकडे आंबा होता, दुसऱ्याकडे करंज, एवढाच फरक. आठ कडवी अशीच. नववं कडवं आईनं रचलेलं, ते मात्र प्रत्येकाचं निराळं.

बाराशे वेळा पूर्वजांनी तेच लिहिलं होतं. हौस म्हणायची ही. राखणबाईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं.

तिनं एका कोऱ्या पानावर, दोन्ही अंगांनी, अगदी बारीक अक्षरांत आठही कडवी एकदा पूर्ण लिहिली आणि जिथं शब्द बदलतो तिथं मोकळी जागा सोडली. ते झालं पहिलं पान. मग प्रत्येक माणसासाठी फक्त त्याचे आठ शब्द, आणि आईचं कडवं जसंच्या तसं, एक अक्षरही न गाळता. आंबा फार वेळा यायचा म्हणून त्याला नुसता एक ठिपका दिला, करंजाला दोन, आणि या खुणा पहिल्या पानाच्या कडेला नोंदवल्या. एकाच गाण्यात कुठे बहावा होता, तो बहावा म्हणूनच लिहिला. बघता बघता सात पानांचं गाणं चार बोटांच्या जागेत बसलं आणि एका पानात चार माणसं राहू लागली.

गावात कुजबुज झाली. एक जण म्हणाला, “एवढुशा ठिपक्यात माझा बाप कसा मावेल?” विचारणं रास्तच होतं. राखणबाईनं त्याला गाणेघरात बोलावलं, त्याच्या बापाची चार बोटांची नोंद समोर घेतली, पहिलं पान शेजारी ठेवलं आणि नऊच्या नऊ कडवी म्हणून दाखवली. जुन्या सात पानांवर तो बोट फिरवत होता. एक काना इकडचा तिकडे झाला नव्हता. तो उठला आणि घरी जाऊन तिच्यासाठी कोऱ्या ताडपत्रांची मोळी घेऊन आला.

पाटलांची आई, जिला गाव थोरली आई म्हणायचं, ती रोज काठी टेकत मदतीला येऊ लागली. राखणबाई नव्या पानातून गाणं उलगडून म्हणे आणि थोरली आई जुनी पानं धरून ताडून पाही. शिवाय प्रत्येक गाण्याच्या शेवटी राखणबाईनं त्यातले शब्द मोजून आकडा कोरला होता. एकदा आकडा एकानं कमी भरला. शोधलं, तर घाईत एका कडव्याचा शब्द राहून गेला होता. “बरं झालं मोजलंस,” थोरली आई म्हणाली. “नाहीतर बिचाऱ्याला वाराच आला नसता.”

एक दिवस थोरल्या आईचंच गाणं हाताशी आलं. तिनं लगेच दोन्ही कान झाकले आणि तोंड भिंतीकडे केलं.

“ते तुझं तूच बघ ग बाई. मला अजून ऐकायचं नाहीये.”

राखणबाईनं ते मनातल्या मनात तीनदा तपासलं.

पाटलांना हे सगळं पसंत नव्हतं. “ठिपक्यांचा भरवसा तुम्हाला असेल,” ते म्हणाले. “माझ्या घरची गाणी मी पूर्ण पानांनिशी नेणार.” त्यांनी आपल्या घराची पानं मागून नेली आणि वेगळी पेटी बांधली.

खरं सांगायचं तर राखणबाईनंही आपल्या मुलीची सात पानं बाजूला काढली होती. कामाच्या पहिल्याच दिवशी तिनं ती पदराखाली लपवली होती. शेवटच्या दिवशी पाणी उंबऱ्याला लागलं, तेव्हा तिला स्वतःची लाज वाटली. गावातल्या बाराशे माणसांना ती ठिपक्यांत बसा म्हणत होती, आणि आपल्या लेकरावर वेळ आली तर तिचाच विश्वास बसत नव्हता. ती रडली. मग डोळे पुसून तिनं मुलीचे आठ शब्द लिहिले, आपलं कडवं लिहिलं, शब्द मोजून आकडा टाकला आणि सात पानं परत पाचव्या पेटीत ठेवली.

तीनशे पानं झाली. सगळ्यांत वर तिनं घरवार यादी ठेवली, म्हणजे एक गाणं हवं असेल तर सगळं उपसायला नको. पहिल्या पानाच्या मात्र तिनं तीन प्रती केल्या. ते हरवलं तर बाकीचे नुसते ठिपके उरतील, हे ती जाणून होती. एक प्रत गठ्ठ्यात ठेवली, एक पदरात शिवली आणि एक गावातल्या पोरांकडून पाठ करून घेतली. मग मेण लावलेल्या कापडात गाठोडं बांधून तिनं ते पाठीवर घेतलं. जेवढं जड वाटेल म्हणून ती घाबरली होती, तेवढं ते नव्हतं. तान्ह्या मुलाएवढंच होतं.

धुक्यातून गाव ओळीनं कडा चढू लागलं. अर्ध्या वाटेत एक वळण होतं, तिथं पाठीवरचं ओझं खडकाला घासायचं. सगळे तिरके होऊन गेले. पाटलांची पेटी तिरकी होईना. त्यांचा पाय सरकला आणि मागच्या माणसानं त्यांना दंडाला धरून ओढलं तेव्हा दोर सुटला. पेटी खाली गेली. फार उशिरानं खालून एक बारीकसा आवाज आला. पाटलांनी खाली पाहिलं. खाली तळं होतं, आणि तळ्यात कुठंतरी नऊ रिकाम्या न झालेल्या पेट्याही होत्या.

डोंगरापलीकडे नवं गाव वसलं. तिथं तळं नव्हतं, एक झरा होता. पहिल्याच थंडीत थोरली आई अंथरुणाला खिळली. एका दुपारी पाटील राखणबाईच्या दारात आले. पागोटं त्यांनी हातात घेतलं होतं.

“आईची वेळ आली,” ते म्हणाले. “आणि तिचं गाणं मी तळ्यात टाकून आलो. तिला तसंच पाठवावं लागणार.”

“कोण म्हणालं?” राखणबाईनं गाठोड्याची गाठ सोडली. यादी पाहिली, घर सापडलं, एक पान काढलं. बाकीचं गाठोडं तसंच राहिलं.

“पण मी माझ्या घरची पानं नेली होती.”

“तुम्ही मागायच्या आधीच लिहून झाली होती. गाव बांधायचं म्हटल्यावर एक घर कसं वगळू?”

ती थोरल्या आईच्या उशाशी बसली आणि म्हणू लागली. पहिल्या कडव्यात करंज फुलला. दुसऱ्यात वारा डोंगरावरून आला. पाटील उभ्या उभ्या बोटांच्या पेरांवर शब्द मोजत होते. आपण मोजतोय हे त्यांनाही उमगलं नव्हतं. मग नववं कडवं आलं. ऐंशी वर्षांपूर्वी त्यांच्या आजीनं रचलेलं, त्यांनी कधीच न ऐकलेलं.

दमून आलीस बाई, ये ग माझ्यापाशी,
ऊब राखून ठेवलीय तुझ्यासाठी कुशीशी.
नीज पाखरा, तळं निजलं.

पानावर आकडा एकशे सदतीस होता. पाटलांचं शेवटचं पेर एकशे सदतिसावं होतं. थोरल्या आईनं कुणीतरी हाक मारल्यासारखी मान वळवली आणि डोळे मिटले.

तेराव्यानंतर पाटील पुन्हा आले. या वेळी सगळं गाव त्यांच्यामागे होतं.

“राखणबाई,” ते म्हणाले, “तुमच्या मुलीचं दुसऱ्यांदा म्हणायचं राहिलंय, असं आई सांगायची. तुम्हाला एकटीला जमत नाही ते. पहिलं पान आमच्या पोरांना पाठ आहे. तुम्ही फक्त तिचे शब्द सांगा.”

राखणबाईनं पान काढलं. चार बोटांची जागा, काही ठिपके, एक छोटं कडवं. ती एकेक शब्द सांगत गेली आणि सगळं गाव तो शब्द त्याच्या जागी बसवून गात गेलं. एकोणीस दिवसांची ती पोर नऊच्या नऊ कडव्यांनी पूर्ण उलगडली. आईचं कडवं आलं तेव्हा गाव थांबलं. ते राखणबाईनं एकटीनं म्हटलं आणि या वेळी तिच्या गळ्यातून आवाज फुटला. वरून करकोच्यांची रांग चालली होती. झऱ्यापाशी आल्यावर सगळ्यांनी डावा पंख खाली घेतला.

मुलांनो, आणि मुलांच्या आडून ऐकणाऱ्या मोठ्यांनो, एवढं ध्यानात ठेवा: जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच नीट लिहावं, जे ज्याचं वेगळं आहे ते अक्षरही न गाळता जपावं, म्हणजे ओझं हलकं होतं आणि कुणीच मागे राहत नाही.