सोनकी आणि हिरवळीवरची परी

सोनकी फार रागावली होती. तिचं इवलंसं नाक लालचुटुक झालं होतं आणि गाल टम्म फुगले होते. आणि खरं सांगू का मुलांनो, तिचं काहीसुद्धा चुकत नव्हतं!

डोंगरमाथ्यावर गोल्फचं एक हिरवंगार मैदान होतं. सोनकीची आई यमुना तिथली हिरवळ राखायची. बोटं सोलवटेपर्यंत तण उपटायची. उंचावरून चेंडू पडला की मऊ हिरवळीला खळगा पडतो. ज्याचा चेंडू, त्यानंच तो बुजवायचा असतो. पण बड्या लोकांना वाकायला नको! ते शीळ घालत निघून जायचे. मग रोज सकाळी सोनकी चिमुकल्या बोटांनी एकेक खळगा बुजवायची. आणि त्याच सोनकीनं पेरूच्या फांदीनं चेंडू जरा ढकलला, की क्लबचे सचिव घारपुरेसाहेब ओरडायचे, "ए पोरी, हो बाहेर! माळ्यांच्या पोरांनी इथं खेळायचं नाही."

आज तर हद्द झाली. मुलांची स्पर्धा होती. जिंकणाऱ्याला वर्षभर मैदानावर खेळायला मिळणार होतं. फलकावर लिहिलं होतं, 'सर्व मुलांसाठी'. साहेब म्हणाले, "सर्व म्हणजे क्लबच्या सभासदांची." आता तुम्हीच सांगा, राग नाही येणार?

सोनकी दात-ओठ खात एक खळगा बुजवायला बसली. तर आत काहीतरी लुकलुकलं! बोटभर उंचीची एक परी. तिचा पोपटी पंख मातीत दबला होता. सोनकीनं फुंकर घालत, अगदी हळूहळू तो सोडवला.

"गुणाची गं माझी!" परी पंख झटकत म्हणाली. "दोन इच्छा माग. स्वतःसाठी मागशील ते सूर्य मावळेपर्यंत टिकेल. सगळ्यांसाठी मागशील ते कायमचं. पण चेंडूवर माझी जादू चालत नाही हं. तो फक्त हाताचं ऐकतो."

"मग माझं नाव यादीत घाल!" सोनकी फणकारली.

झालं! यादीत सोनेरी अक्षरं चमकली. घारपुरेसाहेबांनी तीनदा चष्मा पुसला, पण नाव काही पुसलं जाईना.

हिरवळीच्या कडेवरून चेंडू अलगद उडवायचा आणि मग भोकात घालायचा, एवढाच खेळ. सगळे चेंडू मिळून ज्याचे टोले कमी, तो जिंकला. सोनकीला काठी मिळाली. तिनं रागारागानं फाडकन टोला हाणला. चेंडू हिरवळ ओलांडून थेट वाळूत! सगळे खिदळले.

"माझा राग काढून घे ना," ती कानाशी बसलेल्या परीला म्हणाली.

"का म्हणून? खरा राग आहे तो, राहू दे. फक्त हातात नको, पायांत ठेव. पाय घट्ट रोव, हात सैल सोड. आणि चेंडूकडे बघ, साहेबांकडे नको."

सोनकीनं पाय रोवले. पुढचा चेंडू टुणकन उडाला, दोन उड्या मारून घरंगळत भोकाजवळ थांबला. त्याच्या पुढचाही. बघता बघता तिनं विहंगला गाठलं. विहंग म्हणजे गेल्या वर्षीचा विजेता.

शेवटचा चेंडू राहिला. विहंगनं सरळ मारला, तो उतारानं वळून गेला. सोनकीला मात्र तिथला प्रत्येक उंचवटा बोटांनी माहीत होता. तिनं भलतीकडेच नेम धरला. चेंडू सावकाश वळला, काठावर घुटमळला आणि टपकन आत पडला!

"कप घे आणि नीघ," घारपुरेसाहेब म्हणाले. "वर्षभराचा खेळ सभासदांनाच."

"पण ती जिंकली ना!" विहंग रडकुंडीला आला.

साहेबांचा बेडूक करावा, असं सोनकीच्या अगदी जिभेवर आलं होतं. मीही तिला अडवलं नसतं! पण कुंपणाच्या तारांना नाकं लावून माळ्यांची सगळी मुलं उभी होती. तिनं त्यांच्याकडे पाहिलं.

"हे मैदान सगळ्या मुलांचं होऊ दे," ती म्हणाली. "कायमचं!"

तारांचे जुईचे वेल झाले. परी लखलखली, लखलखत आकाशाएवढी झाली आणि आपल्याच मोतिया प्रकाशात विरून गेली. मुलं धावत आत आली.

"कुणाच्या परवानगीनं?" साहेब हात पसरून आडवे आले.

सोनकी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. राग अजून होताच.

"साहेब, जरा बाजूला व्हा. आम्हांला खेळायचंय."

आणि साहेब बाजूला झाले.