राणूबाची रेघ

त्या दिवशी चैत्राचं ऊन सकाळपासूनच कावलेलं होतं, आणि वारा त्याहून कावलेला. माळावर वावटळी उठत होत्या. एक बसली की दुसरी उठायची. तोंड उघडलं की दातांखाली माती कचकचायची. झाडांना सावली होती, पण सावलीला गारवा नव्हता. अशा दिवशी शहाण्यानं घरात बसावं. पण खडकजळे गावात त्या दिवशी घरात कुणी बसलं नव्हतं, कारण राणू पाथरवट लाल्या गोऱ्याशी भिडणार होता.

ही गोष्ट आजच्या म्हाताऱ्यांनी त्यांच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेली. तेव्हा मुलखात गोऱ्यांच्या पलटणी होत्या, आणि त्यांचे पैलवान हाताला काही न बांधता उघड्या मुठींनी ठोशांची झुंज खेळायचे.

राणू जाती घडवायचा, पाटे घडवायचा. त्यानं मूठ आवळली की ती मूठ आणि वरवंटा यांत फरक करता यायचा नाही, असं म्हणतात. तरुणपणी जत्रेत कुस्त्या मारलेला, पण स्वभावानं गरीब. रागवायचा म्हणून नाही. वैतागायचा मात्र. एकच काम दोनदा करावं लागलं की त्याचा जीव नुसता नकोसा व्हायचा. "दगडाला टाकी एका जागी एकदाच बसते," तो म्हणायचा. "दुसऱ्यांदा बसते ती चूक."

गाव आणि तळं यांच्या मधे तो माळ. माळावर छावणी आली, कवायती सुरू झाल्या आणि तळ्याची वाट बंद झाली. हाकेच्या अंतरावरच्या पाण्याला बायकांना दोन कोसांचा वळसा पडू लागला. राणूची शेजारीण ठकूवहिनी, दोघांच्या घरांची भिंत एकच. तिचा एक गुडघा कामातून गेलेला. रोज घागर उतरवली की ती त्या भिंतीकडे तोंड करून छावणीचा उद्धार करायची, साहेबापासून घोड्यांपर्यंत. असं म्हणतात, ते ऐकून ऐकूनच राणू एक दिवस साहेबाच्या तंबूसमोर जाऊन उभा राहिला.

साहेबाला झुंजीचं वेड. त्याच्या पलटणीतला एक धिप्पाड शिपाई, उन्हानं भाजून तांबडालाल झालेला, म्हणून गाव त्याला लाल्या म्हणायचं. त्याच्यासमोर उभं राहायला छावणीत कुणी उरलं नव्हतं. साहेबानं राणूचे हात पाहिले आणि दुभाष्या मुनशीकडून सांगितलं, "याला हरव. वाट तुमची, कायमची. हरलास तर पुन्हा मागायला यायचं नाही."

राणूनं विचारलं, "खेळायचं कसं?"

"कुस्तीच समज," मुनशी म्हणाला. "फक्त ठोसे चालतात, आणि कमरेखाली हात घालायचा नाही."

बाकीचं त्यानं सांगितलं नाही. सगळा घोळ तिथं झाला.

तर त्या दिवशी माळावर दोर बांधून चौक केला होता. मधे मातीत काठीनं एक रेघ ओढली होती. रेघेच्या अलीकडे राणू, पलीकडे लाल्या. राणूनं दोन ठोसे खांद्यावर घेतले, तिसरा येता येता हात धरला आणि लाल्याला धोबीपछाड घातली. पाठ साफ मातीला लागली. गेनू हलगीवाल्यानं हलगी कडाडवली, गुलाल उडाला. राणूनं साहेबाला रामराम केला, बंडी घातली, पागोटं बांधलं. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक निघाली.

ती बाभळीपर्यंत पोचली असेल नसेल, तोच मुनशी धापा टाकत आला. "अरे, चाललात कुठं?"

"घरी," राणू वरून म्हणाला.

"झुंज संपली नाही अजून."

"पाठ लागली की त्याची."

"पाठ लागली तर काय झालं? पडलेला अर्ध्या मिनिटात उठून रेघेवर आला की पुन्हा सुरू. येणार नाही तो हरला. तो आलाय. तू आला नाहीस."

"अर्धं मिनिट म्हणजे किती?"

"तंबाखू मळायला लागतं तेवढं. आणि माझी मळून होत आली."

राणूनं खांद्यावरून उडी टाकली आणि बंडीसकट पळत सुटला. मुनशीनं तंबाखू तोंडात टाकायच्या आत त्याचा पाय रेघेला लागला.

त्यानं लाल्याला पुन्हा आपटलं. गेनूनं पुन्हा हलगी वाजवली. लाल्या उठला, माती झटकली, रेघेवर आला. तिसऱ्यांदा आपटला, चौथ्यांदा आपटला. पाचव्यांदा गुलाल संपला. दहाव्यांदा गेनू म्हणाला, "राणूदादा, नक्की झालं की सांग, तेव्हा वाजवतो." आणि हलगी खाली ठेवून तो बसून राहिला.

असं म्हणतात, चाळीस वेळा आपटला. तळ्याच्या बाजूचे लोक शंभर सांगतात. राणूचा ओठ फाटला, एक डोळा मिटला, पण मार त्याला सोसत होता. सोसत नव्हतं ते हे पुन्हापुन्हा.

"अरे निलाजऱ्या," तो लाल्याला म्हणायचा, "पाठ लागली तुझी. सगळ्या गावानं बघितली. जा ना आता घरी."

लाल्याला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं. तो पडक्या दातांनी हसायचा आणि मुठी वर धरायचा.

"मुनशी, तुम्ही तरी समजवा याला."

"मी काय समजवू? तो नियमानं उठतोय."

त्यात ती रेघ. वावटळ यायची आणि रेघ पुसून जायची. मुनशी काठीनं दुसरी ओढायचा, ती वाकडी. पुन्हा पुसायची, पुन्हा ओढायचा, तीही वाकडी, आणि दर वेळी आधीच्या जागेहून वीतभर बाजूला. राणू म्हणजे जन्मभर सूत धरून, सुतात दगड तासलेला माणूस. ठोशांपेक्षा ती रेघ त्याला जास्त लागत होती.

दुपार झाली. राणूची नजर त्या वाकड्या रेघेवर गेली, एवढीशीच गेली, आणि लाल्याचा ठोसा त्याच्या जबड्यावर बसला. राणू उताणा पडला. दोन्ही खांदे मातीला लागले.

दोराभोवतीची माणसं पुढं सरकली.

राणू आभाळाकडे बघत पडला होता. त्याच्या मनात एकच आलं, पाठ लागली, संपलं. जत्रेतही त्याची पाठ दोनदा लागली होती, आणि दोन्ही वेळा तो समोरच्याला हात जोडून मुकाट घरी गेला होता. पाठ लागल्यावर उठून पुन्हा उभं राहणं म्हणजे चारचौघांत थुंकलेलं गिळणं. सकाळपासून त्या माणसाला निलाजरा म्हणत होतो, आता कुठल्या तोंडानं उठू? वाट गेली खरी. पण रीत ती रीत.

साहेबानं घड्याळ बघितलं. मुनशी तंबाखू मळू लागला.

तेवढ्यात गर्दीतून ठकूवहिनी लंगडत दोराशी आली. कमरेवर घागर होती. ती तळ्याचा वळसा करून तशीच आली होती. ती खाली वाकली आणि राणूला चार शब्द बोलली. तिच्या बोलण्यात कळवळा नव्हता. रोज भिंतीआडून यायचा तोच वैताग होता. काय बोलली ते शेवटी येईलच, कारण ते बोल अजून गावात आहेत.

ते ऐकलं आणि राणू उठला. लाज तिथंच मातीत ठेवून उठला, असं म्हणतात.

उठून बघतो तर रेघ नाही. वावटळीनं नेलेली. मुनशी काठीनं माती उकरत होता. "इथंच कुठंतरी होती," तो म्हणाला.

मग मात्र राणूचा ताबा सुटला. "सकाळपासून एक रेघ धड काढता येईना तुम्हाला," तो म्हणाला. "बाजूला व्हा."

त्यानं पायानं माती सारली. खाली काळा खडक लागला. राणू गुडघ्यावर बसला. टाकी घरी, हातोडी घरी. त्यानं मूठ वर नेली आणि खडकावर एकदाच मारली. दोनदा नाही. असं म्हणतात, तो आवाज तीन गावांना गेला, तळ्यावरचे बगळे उडाले आणि उठलेली वावटळ जागच्या जागी बसली. खडकाला या दोरापासून त्या दोरापर्यंत चीर गेली, सुतात, केसभर वाकडी नाही.

राणूनं रेघेवर पाय ठेवला. "आता पुसा," तो म्हणाला.

लाल्या आपल्या सोबत्याच्या मांडीवर टेकून दम खात होता. त्यानं रेघ पाहिली, राणूची मूठ पाहिली, मग मुनशीला काहीतरी विचारलं.

"काय म्हणतोय?" राणूनं विचारलं.

"म्हणतोय, तुझी पाठ लागली तर तू उठायचा नाहीस, याच आशेवर मी आत्तापर्यंत उठत होतो. आता तूही उठायला लागलास. मग हे संपायचं कधी?"

"हेच मी सकाळपासून विचारतोय त्याला," राणू म्हणाला.

मुनशीनं ते लाल्याला सांगितलं. लाल्या पोट धरून हसला आणि हसता हसता खाली बसला. त्यानं ओंजळ पुढे केली. ठकूवहिनीनं घागर तिरकी करून वरून पाणी सोडलं. तो पीत राहिला, पीत राहिला. मुनशीची तंबाखू मळून झाली, तोंडात गेली, साहेबानं घड्याळ मिटलं, तरी तो पीतच होता.

गेनूनं राणूकडे बघितलं. राणूनं मान हलवली. तेव्हा कुठं हलगी वाजली.

त्याच संध्याकाळी माळावरची वाट उघडली. ठकूवहिनी सगळ्यांत पुढे होती.

छावणी कधीच उठून गेली. राणूचा राणूबा झाला. ती रेघ खडकात आहे, तिला शेंदूर लावतात. तळ्यावरून येणारी बाई पहिल्या घागरीतलं ओंजळभर पाणी त्या रेघेवर सोडते, मगच पुढे जाते. आणि चैत्रातल्या जत्रेत, खडकजळ्याच्या फडात, पाठ लागली तरी हलगी लगेच वाजत नाही. हलगीवाला आधी निवांत तंबाखू मळतो. बाहेरगावचे पैलवान वैतागतात, पण गाव थांबतं. तेवढ्या वेळात सगळे त्या पडलेल्याकडे बघून एका तोंडानं बोलतात, मग तो कुणीही असो, कुठलाही असो. ठकूवहिनी त्या दिवशी दोरावरून वाकून राणूला बोलली होती, तेच.

"ऊठ रे राणू. रेघ काय चालत तुझ्याकडं यायची नाही."