पुतळीचा चीक

"आणि तिच्यासाठी काय ठेवलंस?" अप्पांनी विचारलं.

रेवणला प्रश्न कळला नाही. त्याच्या हातातली चरवी पिवळ्याधमक चिकाने काठोकाठ भरली होती. त्याला वाटलं होतं, अप्पा आधी चरवीकडे बघतील.

"कालवडीला पाजलंय, अप्पा. पोट टम्म झालंय तिचं."

"कालवडीचं नाही विचारलं. गाईसाठी?"

"गाईला दूध कशाला लागतंय?" रेवण हसला.

अप्पा वळून आत गेले.

तेरणेच्या काठी सिद्धलिंग अप्पांचा लहानसा मठ होता. रेवण तिथे येऊन वर्ष होत आलं होतं. ध्यानाला बसला की त्याला झोप यायची, वचनं पाठ व्हायची नाहीत. पण घरी पिढ्यान्‌पिढ्या दुधाचा धंदा. लाथाळ गायसुद्धा त्याच्या हाताखाली पान्हा सोडायची. गोठ्यात आपल्या तोडीचा कुणी नाही, हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं.

पुतळी ही एका भक्ताने मठाला दिलेली संकरित गाय. मोठ्या कासेची, तिसऱ्या वेताची. ती त्या दिवशी पहाटे व्याली. उजाडताच रेवणने धार काढली. मग दुपारी काढली, दिवस मावळताना काढली, आणि निजण्याआधी पुन्हा एकदा. दर वेळी निपटून, सडातून नुसती हवा येईपर्यंत.

"सकाळ-संध्याकाळ काढतात ना रे?" स्वयंपाक बघणाऱ्या गंगव्वाने विचारलं.

"विहीर उपसली की झरे मोकळे होतात, गंगव्वा. जितकं काढाल तितकं येतं. सुरुवातीलाच कास मोकळी केली की वेतभर दूध आटत नाही."

"पण आजच व्यालीय ती."

"तिची काही तक्रार आहे का?"

त्या संध्याकाळी मठात सगळ्यांच्या पानात खरवस पडला होता. सगळ्यांनी रेवणचं कौतुक केलं. अप्पांनीही खाल्ला.

सकाळी रेवण गोठ्यात गेला, आणि दारातच थांबला.

पुतळी खाली बसली होती. मान वळवून कुशीवर टाकलेली, झोपल्यासारखी. पण डोळे उघडे होते, आणि त्या डोळ्यांत बघणं नव्हतं. त्याने कानाला हात लावला. कान गार. हाक मारली, दावं ओढलं, पाठीवर थाप दिली. कालवड तिला ढुशा देत होती. रेवणची नुसती चाहूल लागली तरी उठून उभी राहणारी ती गाय शेपूटही हलवत नव्हती.

"कास जड झालीय," तो पुटपुटला. "मोकळी केली की उठेल."

तो तिच्या पोटाशी बसला. पडल्या पडल्याही धार लागली.

गंगव्वा मागून आली होती. तिने गाईकडे बघितलं, मग रेवणच्या हातांकडे, आणि तशीच अप्पांकडे धावली.

अप्पा अनवाणी आले. क्षणभर उभे राहिले. मग पाय उचलला आणि चरवी लाथेने उलटी केली.

चीक शेणाच्या गटारीत वाहत गेला.

त्या मठात पानात शीत टाकायची पद्धत नव्हती. अप्पा स्वतः ताट धुऊन ते पाणी पीत. त्यांना आवाज चढवताना कुणी पाहिलं नव्हतं. रेवणचे हात तसेच सडांवर राहिले. गंगव्वाने पदर तोंडावर दाबला.

"अप्पा... अन्न आहे ते."

"हात काढ."

"तिला हलकं करतोय मी."

"हात काढ, रेवण."

तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातून डॉक्टर रेणापुरेबाई स्कूटरवर आल्या. त्यांनी गाईचा कान चाचपला, पापणी उचलून बघितली.

"कधी व्याली?"

"काल पहाटे."

"धारा किती वेळा काढल्या?"

रेवणने सांगितलं. आवाज खाली गेला होता.

"आणि निपटून?"

"...हो."

"रक्तातलं कॅल्शियम सगळं दुधात उतरलंय. व्याल्यावर एकदम एवढं दूध ओढलं की तिला ते भरून काढता येत नाही. अंग थंड पडतं, पाय धरत नाहीत. मग हृदय थांबतं." बाईंची नजर गटारीकडे गेली. "आत्ताही काढत होतात?"



"काढत होता," अप्पा म्हणाले.

बाईंनी औषधाची बाटली गंगव्वाकडून कोमट पाण्यात धरवून घेतली. मानेच्या शिरेत सुई घातली आणि छातीला नळी लावून ठोके ऐकत औषध सावकाश सोडलं.

बराच वेळ काहीच झालं नाही. मग पुतळीच्या अंगावरून थरथर गेली. तिने ढेकर दिला, शेण टाकलं. मान कुशीवरून उचलली. आणि गुडघे टेकून, लटपटत, उभी राहिली.

गंगव्वा रडायला लागली. रेवण भिंतीशी जाऊन बसला.

"आता दोन-तीन दिवस सकाळ-संध्याकाळच काढा," बाई निघताना म्हणाल्या. "आणि थोडं दूध कासेत राहू द्या. हळूहळू वाढवा. पण अजिबात न काढताही ठेवू नका, कास सुजेल. पुन्हा पडू शकते, लक्ष असू द्या."

स्कूटरचा आवाज लांब गेल्यावर रेवणने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं, अप्पा?"

"मला गाईतलं काय कळतं."

"मग चरवी का पाडलीत?"

"धार काढताना तू तिच्या तोंडाकडे एकदाही बघितलं नव्हतंस."

...

संध्याकाळी पुतळी हंबरायला लागली. कास भरली होती. गोठ्यात रेवण नव्हता.

तो अप्पांच्या दाराशी उभा होता. धुतलेली चरवी उंबऱ्यावर ठेवलेली.

"दुसऱ्या कुणाला सांगा, अप्पा. या हातांनी तिला मारलंच होतं मी. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही."

"म्हणजे आता जमेल," अप्पा म्हणाले. "चल."

रेवण गाईपाशी बसला, पण नेहमीसारखा पोटात डोकं खुपसून नाही. तिचं तोंड दिसेल असा, जरा तिरका. बोटं गार पडली होती. पहिली धार लागायलाच वेळ गेला. मग दूध येऊ लागलं, जाड, सरळ.

चरवी अर्धीही भरली नव्हती तेव्हा त्याचे हात थांबले. सडातून अजून थेंब गळत होते.

"अजून आहे, अप्पा."

अप्पा खांबाला टेकून उभे होते.

"ती सोडतेच आहे... सकाळी मरायला टेकली होती, तेव्हाही सोडत होती. ती नाही म्हणतच नाही."

अप्पांनी वाकून त्याच्या पुढ्यातली चरवी उचलली.

"म्हणून तर तिच्यापाशी माणूस बसवायचा असतो."