बिनबुडाची घागर

गोष्ट लिहून द्या म्हणून शाळेच्या बाईंनी तीनदा निरोप धाडला. चौथीपुढं शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला लिहायला लावायचं, नि वर बजावायचं, सोप्या भाषेत लिहा. अवघड भाषा येते कुणाला इथं? असो. घ्या.

कोण्या एका गावात एक तांबट होता. तांब्या-पितळेची फुटकी भांडी नीट करायचा. हात सोन्याचा, जीभ मात्र कडू कारल्याची. गिऱ्हाइकानं आधी दोन शब्द ऐकायचे नि मग भांडं खाली ठेवायचं, अशी रीतच पडली होती. तरी लोक यायचे, कारण घागरीला बूड बसवावं तर त्यानंच. एका घागरीचा गळा चेपलेला पण बूड धड. दुसरीचा गळा धड पण बूड गेलेलं. तो एकीचं बूड काढायचा, दुसरीला असं जोडायचा की सांधा नखाला लागू नये.

घरात त्याची बायको, म्हातारी आई नि आत्या. आत्या म्हणजे बापाची बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. आई नि आत्या साठ वर्षं एका चुलीवर भांडल्या. पण एकीला सोडून दुसरीच्या घशाखाली घास उतरायचा नाही.

एकदा गावात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आल्या. माणूस गेल्यावर त्याचे डोळे दिले तर दोन आंधळ्यांना दिसू शकतं, असं त्यांनी देवळापुढं सांगितलं. आईनं विचारलं, वय चौऱ्याऐंशी, मोतीबिंदू काढलेला, नाकावर चष्मा, असले डोळे कोण घेईल? बाई म्हणाल्या, चालतात. बुबुळावरचा पातळ पडदा चांगला असला की झालं, ते आम्ही तपासून बघतो. आईनं तिथल्या तिथं कागदावर अंगठा उठवला.

घरी हे कळल्यावर तांबट उखडला. जित्या माणसानं मरणाच्या गोष्टी करू नयेत म्हणाला. आईनं शांतपणे ऐकून घेतलं.

"मटकीला येतो तो मोड, नि लोक तुझ्याकडं फुटकी भांडी आणून टाकतात तीही मोडच," ती म्हणाली. "दोन्हींतून नवं निघतं. मी काय फुटक्या भांड्याहून गेलेली?"

तांबट हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. ठोके घालत बसला.

दोन वर्षं गेली. एका सकाळी आठाच्या सुमाराला आईनं चहा घेतला, साखर कमी पडली म्हणून सुनेला सुनावलं, भिंतीला टेकली नि गेली. असं मरण मागून मिळत नाही.

सून रडत होती, पण तिचं डोकं जागेवर होतं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं तिला आठवत होतं. तिनं सासूच्या पापण्या मिटवल्या, वर ओला कापूस ठेवला, डोक्याखाली उशी दिली, पंखा बंद केला. मग नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, सहा तासांच्या आत डोळे घ्यावे लागतात. अंगठा आईंनी दिलाय, पण आता हो तुम्ही म्हणायचं. घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय ती माणसं हात लावत नाहीत.

हे आत्यानं ऐकलं नि ती उठून उंबऱ्यातच बसली. देवाघरी माणसानं अख्खं जावं. डोळे काढले तर वहिनी पुढच्या जन्मी आंधळी येईल. जमलेली माणसं माना डोलवायला लागली. एक म्हणाला, चेहऱ्याला खड्डे पडतील. दुसरा म्हणाला, शास्त्रातच लिहिलंय. कुठल्या शास्त्रात, असं सुनेनं विचारल्यावर तो पाणी प्यायला निघून गेला.

तांबटाचं मात्र काही ठरेना. हो म्हणावं नि आई खरंच आंधळी जन्मली तर ते पाप आपल्या माथी. नाही म्हणावं तर आईनं शेवटचं मागितलेलं आपणच नाकारलं. असं करता करता अकरा वाजले. तो उठून पुढं दुकानाची फळी लावायला गेला. तिथं आदल्या दिवशी जोडलेली घागर होती, सांधा गळतोय का बघायला पाणी भरून ठेवलेली. त्यानं खाली हात फिरवला. कोरडं होतं. सांध्यावर नख फिरवलं. लागलं नाही.

मग आत येऊन म्हणाला, "आत्या, चाळीस वर्षं मी एका घागरीचं बूड दुसरीला बसवतोय. त्यातली एकही पुढल्या जन्मी बिनबुडाची आलेली बघितली नाही. बिनबुडाचं असतं ते माणसांचं बोलणं."

मयताच्या घरात हसू नये, पण दोघंतिघं हसलेच. आत्या हसली नाही.

"शास्त्र राहू दे रे," ती हळूच म्हणाली. "डोळे नसले तर पुढच्या जन्मी वहिनी मला ओळखणार कशी?"

आत्याच्या मनातलं खरं दुखणं हे होतं, नि ते कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. तांबटाच्या तोंडातून अशा वेळी तिखटच निघायचं. आज तो खाली बसला, आत्याचा हात हातात घेतला.

"तुला ओळखायला तिला डोळे कधी लागले? मोतीबिंदूनं दोन वर्षं दिसत नव्हतं, तेव्हासुद्धा तू अंगणात खोकलीस की म्हणायची, आली बघा भांडायला."

आत्यानं पदरानं नाक पुसलं. मग गुडघ्यावर हात टेकून उठली नि उंबरा मोकळा केला.

"लाव फोन. नि म्हणावं, हलक्या हातानं."

तालुक्याहून माणसं आली, वीस मिनिटांत काम उरकून हात जोडून गेली. आत्यानं चष्मा लावून वहिनीचं तोंड अगदी जवळून पाहिलं. खड्डा नाही, काही नाही. रोज दुपारी झोपायची तशीच होती. तिला गावानं वाजतगाजत नेलं.

महिन्यानं पत्र आलं. दोघांना दिसायला लागलं होतं. कुणाला, ते मात्र सांगत नाहीत, तसा नियमच आहे. आत्या डॉक्टरीणबाईंकडं स्वतः गेली नि आणखी काय काय देता येतं ते विचारून आली. घरी मेलं तर डोळे. दवाखान्यात मेंदू मेला असं डॉक्टरांनी नक्की केलं तर मूत्रपिंड, यकृत, हृदय, पुष्कळ काही. आत्यानं सगळ्याला अंगठा दिला. जीभ तेवढी घेऊ नका म्हणाली, घेणाऱ्याचा संसार टिकायचा नाही.

नि तांबट? पुढच्या बाजारी एक परगावचा माणूस चेपलेलं पातेलं घेऊन दारात आला. तांबटानं सवयीनं तोंड उघडलं, त्या माणसाच्या डोळ्यांकडं बघितलं नि मिटलं. काय सांगावं, आईच बघत असली तर?

"या, बसा," तो म्हणाला. "पाणी घेता?"

तेव्हापासून तो कुणावर खेकसला नाही. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं घाबरून बायकोला विचारायची, बरं नाही का त्यांना? बरं होतं. चांगलं बरं होतं.

तात्पर्य: सरणावर जाऊन राख होणार त्यातलं कुणाच्या उपयोगी पडेल ते देऊन जावं; नि देणार असाल तर आजच घरच्यांना सांगून ठेवावं, कारण शेवटचं ‘हो’ त्यांनाच म्हणायचं असतं.

ता. क. लिहिणाऱ्यानं डोळ्यांचा कागद भरला तेव्हा ‘या थेरड्याचे डोळे भंगारवाला तरी घेईल का’ म्हणून पारावर एक जण खिदळला होता. त्याला आता उत्तर मिळालं. माफी अजून आलेली नाही. उगाच दुसऱ्या कुणावर आळ नको म्हणून त्या खिदळणाऱ्याचं नाव लिहितो: धोंडीराम खराडे.